एक अफू सोडवून दुसरी? – बेथ मेसी यांची दोन पुस्तके

इंग्रजीच्या बोलीत 'डोपसिक' असा एक शब्द आहे. अफूच्या कुळातल्या पदार्थाची सवय जडलेल्या माणसाला तो पदार्थ वेळेवर मिळाला नाही की त्याची जी अवस्था होते, तिचे हे नाव. आपल्याकडे गर्द ओढणारी मुले तिलाच 'टर्की' म्हणतात. नाक आणि डोळे वाहू लागतात, जांभयांवर जांभया येतात, अंगावर काटा उभा राहतो, पोटात मुरडा येऊन जुलाब होतात, हाडे ठणकतात, झोप उडते. धडधाकट माणूस टर्कीने सहसा मरत नाही. पण ती एकदा भोगलेला माणूस ती पुन्हा येऊ नये म्हणून वाटेल ते करायला तयार होतो. काही महिन्यांनंतर नशेतली मजा बहुतेक संपलेली असते आणि रोजची धडपड उरते ती टर्की टाळण्याची. अमेरिकन पत्रकार बेथ मेसी यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकाला हेच नाव दिले. व्यसनी माणूस सुखासाठी व्यसन करतो, या आपल्या सर्वांच्या समजुतीला हे नाव मुखपृष्ठावरच धक्का देते.

'डोपसिक'नंतर चार वर्षांनी, २०२२ मध्ये, मेसी यांचे त्याच विषयावरचे 'रेझिंग लॅझरस' हे पुस्तक आले. पहिल्यात साथ कशी पसरली ते आहे. दुसऱ्यात ती आवरण्यासाठी कोण काय करत आहे ते. मधल्या काळात, २०२१ मध्ये, पहिल्या पुस्तकावर आठ भागांची दूरचित्रवाणी मालिका निघाली आणि पुस्तक न वाचलेल्या अनेकांपर्यंत विषय पोचला. आम्ही ही दोन्ही पुस्तके एकापाठोपाठ एक वाचली ती एका प्रश्नासाठी. व्यसनाच्या दुष्परिणामांवर शाळेत बरेच बोलले जाते, तक्ते लावले जातात, प्रभातफेऱ्या निघतात. पण 'सर, मग ते सुटते कसे?' असे दहावीतल्या एखाद्या मुलाने विचारले, तर आपल्यापाशी काय उत्तर असते? 'निर्धार लागतो', 'केंद्रात दाखल करावे लागते', याच्यापुढे आपण सहसा जात नाही. वास्तविक गेल्या काही दशकांत या प्रश्नाचे बरेच भक्कम उत्तर मिळालेले आहे. ते या पुस्तकांत किती सापडते, हे आम्हांला पाहायचे होते.

'डोपसिक'ची सुरुवातीची प्रकरणे उत्तम आहेत. मेसी व्हर्जिनिया राज्यातल्या रोआनोक शहरातील दैनिकात अनेक वर्षे वार्ताहर होत्या. या राज्याच्या नैर्ऋत्य टोकाला कोळशाच्या खाणींचा डोंगराळ मुलूख आहे. खाणीत काम करून पाठी मोडलेले मजूर, बंद पडत चाललेल्या खाणी आणि कारखाने, आणि पंचक्रोशीत एखादाच डॉक्टर. पर्ड्यू फार्मा या कंपनीने १९९६ मध्ये 'ऑक्सिकॉन्टिन' ही वेदनाशामक गोळी बाजारात आणली, तेव्हा तिच्या विक्रेत्यांनी जेथे वेदनाशामकांचा खप मुळातच जास्त होता अशा भागांतले डॉक्टर हेरले. गोळीतले औषध ऑक्सिकोडोन, म्हणजे अफूच्याच कुळातले. ते बारा तासांत हळूहळू सुटावे अशी गोळीची रचना होती. हळू सुटते म्हणून व्यसन लागण्याचा धोका कमी, असा प्रचार झाला. गोळी चुरडली की बारा तासांचा साठा एकदम हाती येतो, हे खाणपट्ट्यातल्या पोरांनी लवकरच शोधून काढले. या गोळीची विक्री १९९६ मध्ये ४.८ कोटी डॉलरची होती, ती २००० मध्ये १०० कोटींच्या पुढे गेली. आर्ट व्हॅन झी हे तेथले एक खेड्यातले डॉक्टर. आपल्या दवाखान्यात काय घडते आहे ते ओळखून त्यांनी कंपनीकडे आणि सरकारकडे तक्रारी केल्या. २००७ मध्ये कंपनीने दिशाभूल करून औषध खपवल्याचा गुन्हा न्यायालयात कबूल केला, दंड भरला, आणि गोळी विकली जातच राहिली. हा सारा इतिहास मेसी यांनी फार चांगला सांगितला आहे.

या इतिहासातली एक गोष्ट शिक्षकांना उपयोगी पडेल म्हणून थोडी विस्ताराने सांगतो. जानेवारी १९८० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये पोर्टर आणि जिक यांचे एक पत्र छापून आले. शोधनिबंध नव्हे, संपादकांना लिहिलेले पाच वाक्यांचे पत्र. रुग्णालयात अफूवर्गीय औषध मिळालेल्या ११,८८२ रुग्णांच्या नोंदी तपासल्या, त्यांत व्यसन लागल्याची बऱ्यापैकी खात्रीची नोंद चौघांचीच आढळली, एवढाच त्यातला मजकूर. रुग्णालयात परिचारिकेच्या हातून थोडे दिवस औषध मिळणे निराळे, आणि घरी बाटलीभर गोळ्या महिनोन्महिने घेणे निराळे. तरीही व्यसन फार थोड्यांना लागते या दाव्याचा आधार म्हणून हे पत्र फिरत राहिले. २०१७ मध्ये त्याच नियतकालिकात काही संशोधकांनी हिशेब मांडला. पत्राचा दाखला ६०८ वेळा दिला गेला होता. दाखला देणाऱ्यांपैकी सुमारे ७२ टक्क्यांनी तो व्यसनाचा धोका नगण्य असल्याचे सांगण्यासाठी दिला होता, आणि सुमारे ८१ टक्क्यांनी ते रुग्ण रुग्णालयात दाखल होते याचा उल्लेखही केला नव्हता. मूळ पाच वाक्ये वाचायला एक मिनिट लागले असते! 'संदर्भ दिला आहे' आणि 'पुरावा आहे' यांतला फरक अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवायला याहून चांगले उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

तक्रार आहे ती पुढच्या भागाबद्दल. गोळीकडून हेरॉइनकडे, हेरॉइनकडून फेंटानिलकडे अशी साथ सरकत जाते आणि मेसी एकेका कुटुंबाच्या मागे जातात. मुले उपचारकेंद्रात जातात, बाहेर येतात, घसरतात, पुन्हा जातात, आणि त्यांतली काही मरतात. मेसी यांची कळकळ खरी आहे. औषधाच्या आधाराने केलेला उपचारच सर्वांत परिणामकारक, असे त्या स्पष्ट म्हणतातही. पण तो का परिणामकारक, हे वाचकाला पटेल अशा रीतीने पुढे येत नाही. गोळीची रचना, विक्रेत्यांचे बोनस यांवर जेवढी मेहनत घेतली आहे, तेवढी उपचाराचे औषध शरीरात काय करते यावर घेतलेली नाही. मालिकेत हे अधिकच ठळक होते. मायकेल कीटन यांनी रंगवलेला काल्पनिक डॉक्टर स्वतः व्यसनात सापडतो आणि ब्युप्रेनॉर्फिन या औषधाच्या आधाराने सावरतो, याचे श्रेय मालिकेला द्यायलाच हवे. तरी प्रेक्षकाच्या मनात घर करून राहतो तो कंपनीचा मालक. खलनायक सापडला की कथा पुरी होते. त्याला शिक्षा झाली तरी आजारी माणसाचे काय करायचे, हा प्रश्न जेथल्या तेथे असतो.

ही उणीव आम्ही एवढी मनावर का घेतो? मे २०१७ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे आरोग्य व मानवसेवा मंत्री टॉम प्राइस पश्चिम व्हर्जिनियाच्या दौऱ्यावर असताना म्हणाले, की एका ओपिऑइडच्या जागी दुसरे देण्याने फारसे काही साधत नाही. ज्या खात्याने उपचाराचे धोरण ठरवायचे, त्याच्याच प्रमुखाचे हे मत. तज्ज्ञांनी जोरदार हरकत घेतली आणि त्यांच्यानंतरच्या मंत्र्यांनी उलट भूमिका घेतली. पण एकट्या प्राइस यांना दोष देऊन भागणार नाही. हेच वाक्य रुग्णाचे वडील बोलतात, न्यायाधीश बोलतात, व्यसनातून बाहेर आलेले जुने रुग्णही बोलतात. आपल्याकडेही ते ऐकू येते: 'एक अफू सोडवून दुसरी लावायची, याला उपचार कसे म्हणायचे?' आक्षेप सरळ आहे आणि समंजस वाटतो. करुण कहाण्या सांगून त्याचे निरसन होत नाही. त्यासाठी शरीरात काय घडते तेच पाहावे लागते.

मेंदूतल्या चेतापेशींवर अफूवर्गीय रेणू जेथे चिकटतात त्या जागांना ग्राही म्हणतात. हे ग्राही असल्याचे १९७३ मध्ये प्रयोगाने दाखवता आले, आणि दोनच वर्षांत शरीर स्वतःही अशा जातीचे रेणू तयार करते हे कळले. वेदना, सुख, आतड्यांची हालचाल आणि श्वासोच्छ्वास या साऱ्यांशी या ग्राहींचा संबंध आहे. बाहेरून आलेली अफू त्यांना चिकटली की या यंत्रणेला ब्रेक लागतो. रोज ब्रेक लागू लागला की शरीर गप्प बसत नाही. गाडी चालती राहावी म्हणून ते ॲक्सिलरेटर दाबू लागते. मग पूर्वीच्या ब्रेकने भागत नाही, मात्रा वाढवावी लागते. आता एके दिवशी ब्रेक अचानक सुटला तर? ॲक्सिलरेटर दाबलेलाच आहे, गाडी उधळते. बद्धकोष्ठाच्या जागी जुलाब, सुस्तीच्या जागी निद्रानाश, बारीक झालेल्या बाहुल्यांच्या जागी मोठ्या बाहुल्या. टर्कीतली बरीचशी लक्षणे अफूच्या परिणामाच्या नेमकी उलट असतात. फळ्यावर दोन रकाने आखून मुलांकडून ती भरून घ्यावीत. पहिली दोन-तीन सांगितली की पुढची मुले स्वतःच सांगतात.

हीच उपमा थोडी पुढे नेऊ. रुग्ण काही आठवडे केंद्रात राहिला, किंवा तुरुंगात. टर्की ओसरली, शरीराने ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. घरच्यांना वाटते, सुटला एकदाचा. पण ओढ गेलेली नसते. ती पुढे महिनोन्महिने डोके वर काढत राहते. बाहेर आल्यावर एखाद्या वाईट संध्याकाळी त्याने आपली जुनीच मात्रा घेतली, तर आता समोर ॲक्सिलरेटर नाही, नुसता पूर्ण ब्रेक आहे, आणि तो श्वासावर लागतो. वॉशिंग्टन राज्यातल्या तुरुंगांतून सुटलेल्या तीस हजारांहून अधिक कैद्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अमली पदार्थांच्या अतिमात्रेने मरण्याचा त्यांचा धोका सर्वसामान्य लोकांच्या १२९ पट होता. म्हणजे नुसते 'शरीर साफ करणे' आणि घरी पाठवणे हा अपुरा उपचार आहे एवढेच म्हणून चालणार नाही. तो धोक्याचा आहे.

मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही दोन्ही औषधे अफूच्याच कुळातली आहेत, हे लपवण्याचे कारण नाही. फरक आहे तो वेगात आणि चढउतारात. टोचलेले हेरॉइन पाहता पाहता मेंदूवर चढते आणि चार-सहा तासांत उतरते; त्यामुळे दिवसातून अनेकदा चढ आणि उतार, आणि प्रत्येक उताराच्या तळाशी टर्की. मेथाडोन तोंडाने घ्यायचे. ते सावकाश चढते आणि दिवसभर टिकते. न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वांडर यांनी २२ रुग्णांवरचे आपले पहिले अनुभव १९६५ मध्ये प्रसिद्ध केले. ब्युप्रेनॉर्फिनची गंमत आणखी वेगळी. इंग्लंडमध्ये १९६६ मध्ये तयार झालेला हा रेणू ग्राहीला घट्ट चिकटतो, पण त्याला अर्धवटच चालवतो. ब्रेकचे पेडल अर्ध्यावर अडकवून ठेवावे तसे. टर्की थांबण्याइतका ब्रेक लागतो. मात्रा वाढवली तरी एका मर्यादेपुढे परिणाम वाढत नाही, म्हणून श्वास बंद पडण्याची भीती बरीच कमी. शिवाय जागा आधीच अडलेल्या असल्याने वरून हेरॉइन घेतले तरी त्याचा फारसा जोर चालत नाही. गोळी दिवसातून एकदा जिभेखाली ठेवायची. पहिली गोळी मात्र टर्की सुरू झाल्यावरच द्यावी लागते, कारण अंगात हेरॉइन असताना दिली तर ती त्याला हुसकावून लावते आणि रुग्ण तेथल्या तेथे टर्कीत जातो. नॅलोक्सोन हे तिसरे औषध ग्राहीला चिकटते आणि त्याला मुळीच चालवत नाही, नुसते अफूला बाहेर ढकलते. अतिमात्रेने निळा पडत चाललेल्या माणसाच्या नाकात त्याचा फवारा मारला तर तो काही मिनिटांत श्वास घेऊ लागतो. अमेरिकेत २०२३ पासून हा फवारा डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळतो. त्याने जीव वाचतो, व्यसन बरे होत नाही.

उपचाराचे समर्थक येथे बहुधा मधुमेहाचा दाखला देतात. मधुमेही रोज इन्सुलिन घेतो, त्याला आपण व्यसनी म्हणतो का? आम्हांला हा दाखला पुरेसा वाटत नाही. इन्सुलिनने कुणाला नशा येत नाही. ब्युप्रेनॉर्फिनचे तसे नाही; आपल्याच देशात १९९० च्या दशकात काही शहरांतून त्याची इंजेक्शने नशेसाठी टोचून घेतली जात होती. अधिक प्रामाणिक उत्तर असे, की शरीराला सवय होणे आणि व्यसन असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्यसन म्हणजे ताबा सुटणे. घर, नोकरी, तब्येत यांची धूळधाण डोळ्यांसमोर होत असताना थांबता न येणे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निकषांत हे स्पष्टच आहे. डॉक्टरच्या देखरेखीखाली औषध घेणाऱ्याला त्याची सवय झाली, किंवा ते बंद केल्यावर टर्की आली, तर ही लक्षणे व्यसनाच्या निदानात धरायची नाहीत. रोज सकाळी एक गोळी जिभेखाली ठेवून कामावर जाणाऱ्या माणसाच्या शरीराला सवय आहे. दिवस मात्र त्याचा स्वतःचा असतो.

आता पुरावा. स्टॉकहोममध्ये झालेला आणि २००३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेला एक छोटा प्रयोग 'नियंत्रित प्रयोग' शिकवताना जरूर घ्यावा. हेरॉइनचे व्यसन असलेले ४० रुग्ण. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे कोणतीही निवड न करता त्यांचे दोन गट पाडले. सर्वांना सारखेच समुपदेशन, सारख्याच गटसभा, सारखीच लघवीची तपासणी. फरक एकच. एका गटाला वर्षभर ब्युप्रेनॉर्फिन. दुसऱ्याला ते सहा दिवसांत कमी करत नेऊन बंद केले आणि पुढे तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली. वर्षाअखेर पहिल्या गटातले ७५ टक्के रुग्ण उपचारात टिकून होते. दुसऱ्या गटातला एकही नव्हता. दुसऱ्या गटातले चार जण मरण पावले होते. पहिल्यातले कुणीही नाही. समुपदेशन दोन्ही गटांना होते, हे ध्यानात घ्यावे. अशा प्रयोगात निम्म्या रुग्णांना औषध न देणे योग्य होते का, हा प्रश्न वर्गात कुणीतरी विचारीलच, आणि विचारायला हवा.

चाळीस हा आकडा लहान आहे, असेही विद्यार्थी म्हणतील. मोठा आकडा हवा असेल तर 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २०१७ साली आलेले संकलन पाहावे. त्यात १९ अभ्यासांतील सव्वा लाखाहून अधिक रुग्ण आहेत. मेथाडोन चालू असताना दर हजार रुग्णांमागे वर्षाला सुमारे ११ मृत्यू, सुटल्यावर ३६. ब्युप्रेनॉर्फिन चालू असताना चारच्या थोडे वर, सुटल्यावर साडेनऊ. यात एक खोच आहे. उपचारात टिकणारे रुग्ण मुळातच अधिक स्थिर असू शकतात. ते टिकले म्हणून जगले, की ज्यांचे बरे चालले होते तेच टिकले, हे अशा आकड्यांवरून पूर्ण ठरत नाही. त्यासाठी पुन्हा स्टॉकहोमच्या चाळीस जणांकडेच यावे लागते.

औषध कोणते हे असे कळलेले असताना ते माणसांपर्यंत पोचत का नाही, हा 'रेझिंग लॅझरस'चा विषय आहे. बायबलमधल्या कथेत येशू मेलेल्या लॅझरसला हाक मारून उठवतो. पण गुहेच्या तोंडावरची धोंड सारणे आणि त्याच्या अंगावरची बांधलेली कापडे सोडवणे ही कामे भोवतीच्या लोकांना करावी लागतात. मेसींना रस आहे तो या धोंड सारणाऱ्यांत. उत्तर कॅरोलायनातला एक नर्स प्रॅक्टिशनर हॉटेलाबाहेरच्या पार्किंगमध्ये जाऊन रुग्णांना भेटतो आणि ब्युप्रेनॉर्फिन लिहून देतो. अनेकांना दवाखान्याची पायरी चढवत नाही, कारण तेथे पूर्वी त्यांचा पाणउतारा झालेला असतो. इंडियानात एका लहानशा गावी न्यायालयाच्या इमारतीतच उपचार सुरू होतो. पश्चिम व्हर्जिनियातल्या चार्ल्सटनमध्ये एकीकडे सुयांमधून एचआयव्ही पसरतो आहे आणि दुसरीकडे स्वच्छ सुया वाटणाऱ्यांवर निर्बंध येत आहेत. दिलेल्या वेळेला आला नाही, तपासणीत हेरॉइन सापडले, म्हणून रुग्णाचे नाव कमी करणारी केंद्रे या पुस्तकात भेटतात. आजाराचे लक्षण दिसले म्हणून रुग्णाला घालवून देणे! रक्तदाब वाढलेला दिसला म्हणून आपल्या डॉक्टरांनी आपल्याला दाराबाहेर काढल्याचे आम्ही तरी ऐकलेले नाही.

हे पुस्तक पहिल्यापेक्षा कमी बांधीव आहे. पर्ड्यू कंपनीच्या दिवाळखोरीचा खटला मध्ये मध्ये येतो आणि दर वेळी लय मोडतो. सुया वाटण्याला विरोध करणारे गावकरी सपाट रंगवले आहेत. बागेत मुलांना सुई टोचेल ही भीती खुळी नाही, आणि तिला उत्तर देता येते. सगळ्यांत मोठी उणीव म्हणजे व्यक्तिचित्रांच्या गर्दीत आकडे मागे पडतात. पार्किंगमधल्या त्या उपचाराला भक्कम आधार आहे. येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी तातडीच्या विभागात आलेल्या ३२९ व्यसनी रुग्णांवर केलेला प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना नुसता केंद्राचा पत्ता दिला, त्यांतले ३७ टक्के महिन्याने उपचारात होते. ज्यांना तेथेच ब्युप्रेनॉर्फिन सुरू करून दिले, त्यांतले ७८ टक्के. ऱ्होड आयलंड राज्याने २०१६ मध्ये तुरुंगातच ही औषधे द्यायला सुरुवात केली. नुकतेच सुटलेल्यांपैकी अतिमात्रेने मेलेल्यांची संख्या २०१६ च्या पहिल्या सहामाहीत २६ होती, २०१७ च्या पहिल्या सहामाहीत ९. असा एखादा आकडा योग्य जागी आला असता, तर त्या नर्सची धडपड एका भल्या माणसाचे वेड वाटली नसती.

आणखी एक मुद्दा मेसींनी अधिक स्पष्ट करायला हवा होता: यश कशाला म्हणायचे? अमेरिकेत ६५३ रुग्णांवर केलेला एक प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्युप्रेनॉर्फिन बारा आठवडे चालू असताना त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांचे चांगले चालले होते. औषध कमी करत बंद केल्यावर आठ आठवड्यांनी पाहिले, तर चांगले चाललेले नऊ टक्क्यांहूनही कमी होते. आता हे औषध उपयोगी की निरुपयोगी? 'संपूर्ण मुक्त झाला का' हीच फूटपट्टी लावली तर औषध नापास होते. पण चष्मा काढल्यावर दिसत नाही म्हणून चष्मा निकामी ठरवावा, तसे ते होईल.

आपल्याकडच्या वाचकाला हे सारे वाचताना अनिल अवचट यांचे 'गर्द' आठवल्याशिवाय राहणार नाही. त्यांचे गर्दवरचे लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला आणि १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू झाले. त्या काळी ब्युप्रेनॉर्फिनवर चालवलेला उपचार आपल्याकडे रुळलेला नव्हता. मुक्तांगणने जे उभे केले, म्हणजे रुग्णाला माणूस म्हणून वागवणे, घरच्यांना सामील करून घेणे, घसरलेल्याला पुन्हा दार उघडणे, तेच मेसींच्या दुसऱ्या पुस्तकातल्या माणसांनीही धरलेले आहे. औषध विरुद्ध सहवास असा सामना लावण्यात अर्थ नाही. स्टॉकहोमच्या प्रयोगात दोन्ही होते. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने सुया टोचणाऱ्यांसाठी ब्युप्रेनॉर्फिनची केंद्रे २००७-०८ च्या सुमारास सरकारी कार्यक्रमात आणली, आणि पंजाबने २०१७ पासून बाह्यरुग्ण दवाखाने काढले. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या 'एम्स'ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात अफूवर्गीय पदार्थ घेणारे सुमारे २.२६ कोटी आहेत आणि त्यांतल्या सुमारे ७७ लाखांना मदतीची गरज आहे. निवासी केंद्रांतल्या खाटा कितीही वाढवल्या तरी एवढ्या माणसांना त्या पुरणार नाहीत.

'रेझिंग लॅझरस' ऑगस्ट २०२२ मध्ये बाहेर पडले. तेव्हा व्यसनासाठी ब्युप्रेनॉर्फिन लिहून द्यायला अमेरिकन डॉक्टरला खास परवानगी लागे. वेदनेसाठी ऑक्सिकोडोन लिहून द्यायला तशी लागत नसे. डिसेंबर २०२२ च्या अखेरीस ही अट रद्द झाली. मेथाडोन रोज केंद्रात येऊनच प्यायचे, हा नियमही कोविडच्या साथीत २०२० मध्ये सैल झाला आणि २०२४ मध्ये कायमचा बदलला. स्थिर रुग्णाला आता २८ दिवसांपर्यंतचे औषध घरी नेता येते. अतिमात्रेने होणारे मृत्यू २०२१ ते २०२३ या तिन्ही वर्षी एक लाखाच्या वर होते, ते २०२४ मध्ये सुमारे ८० हजारांवर आले. ही घट नॅलोक्सोनमुळे, औषधोपचारामुळे, की बाजारातला मालच बदलल्यामुळे, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. परवानगीची अट गेल्यावर मात्र जे घडले, ते मेसींच्या म्हणण्याला पुष्टी देते. लिहून देणारे डॉक्टर वाढले, औषध घेणारे रुग्ण फारसे वाढले नाहीत.

वरच्या वर्गातल्या मुलांना यांतले काही वाचायला द्यायचे असेल, तर 'डोपसिक'चा पहिला भाग आणि 'रेझिंग लॅझरस'मधली उत्तर कॅरोलायनाची प्रकरणे द्यावीत. इंग्रजी सोपे आहे. दिवाळखोरीची प्रकरणे गाळली तरी चालतील. ग्राही आणि ब्रेकची आकृती मात्र फळ्यावर आपल्यालाच काढावी लागेल.